गियरमधली सायकल

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला आधी भाडं सांगितलं नाही, पाणी कोणत्या दिवशी येतं तेही नाही. त्यांनी मला ओसरीतली दोरी दाखवली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघालेली सुतळीची दोरी, भिंतीवरच्या खिळ्यांवरून वळत वळत अंगणातल्या लिंबापर्यंत आलेली, आणि टोकाला एक पितळी घंटी. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. जेवण तयार झालं की काकू आतून दोन टोले देत. न्हाणीत कुणी असलं तर एक. मालक म्हणाले, "मॅडम, ह्या घरात हाका मारायच्या न्हाईत. घसा जातो मान्साचा." मी म्हटलं, बरं. त्या वेळी मला काहीही चाललं असतं. बदल्या होऊन होऊन मी धारूरला येऊन पडले होते आणि दिवसभर खोल्या बघून माझे पाय गेले होते.

मी लहान तलावांच्या खात्यात कारकून. तलावात पाणी किती आहे ते लिहून वर पाठवायचं, हे आमचं काम. वर्षातले बरेच महिने लिहिण्याजोगं काही नसायचं. तरी संध्याकाळी घरी येताना अंग मोडून आलेलं असायचं. काम करून माणूस दमतो तसा काम नसूनही दमतो, हे मला त्या ऑफिसनं शिकवलं.

मालकांना सगळं गाव डायवर म्हणे. "डायवर हायेत का घरी?" असंच विचारत लोक यायचे. मी तोंडावर काका म्हणायची, पण मनात डायवरच. एसटीच्या लाल गाडीवर त्यांचा उभा जन्म गेला होता, तोही बहुतेक एकाच रस्त्यावर. धारूरहून घाट उतरून खालच्या गावांना जायचं आणि परत वर यायचं. निवृत्त होऊन काही वर्षं लोटली होती, पण अंगातून गाडी उतरली नव्हती. चहा उभ्या उभ्या प्यायचे, कारण स्टँडवर तेवढाच वेळ मिळतो. जेवल्यावर आडवे होत नसत. खुर्चीत बसून तोंडावर टॉवेल टाकायचे आणि थोड्या वेळानं कुणी न उठवता उठायचे. कुठेही बसले तरी उजवं टोक धरून बसायचे. बाकडं असो, सोफा असो, लग्नातली पंगत असो. एकदा काकूंनी हळूच सांगितलं की लग्न झाल्यापासून पलंगावरसुद्धा ते उजवीकडेच झोपतात. मला हसू आलं. काकूंना आलं नाही. "तुमाला हसू येतंय बाई, मला भिंतीच्या कडंला झोपून झोपून कंटाळा आलाय," म्हणाल्या.

त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, गियरमधली आणि न्यूट्रल. घाटात उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणं याच्याइतकं मोठं पाप नाही असं त्यांचं मत. डिझेल वाचतं म्हणून काहीजण टाकतात, मग गाडी नुसत्या ब्रेकवर राहते, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागत नाहीत. शेजारचे निवृत्त तलाठी दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघायचे. त्यांच्याकडे बोट दाखवून डायवर म्हणत, "न्यूट्रल झालाय त्यो." एका संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन पायरीवरच बसले, उठवेना. सहज बोलून गेले की काका, आता नोकरीचं काही वाटत नाही, उरलेली वर्षं कशीतरी निघून जावीत. ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मॅडम, उतार लागला की लोकं न्यूट्रल टाकत्यात. तुमी टाकू नका." आणि आत गेले. मला राग आला. दमलेल्या माणसाला उपदेश नको असतो, पाणी हवं असतं. पाणी काकूंनी आणून दिलं.

त्या घरात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. काकू डायवरांपुढे जे काही ठेवत ते डाव्या हाताला ठेवत. पाण्याचा तांब्या डावीकडे, चष्म्याचं घर डावीकडे, मोबाइल डावीकडे. दारातल्या चपलासुद्धा डाव्या कडेला सरकवलेल्या. आधी मला वाटलं, असते एकेका घरची पद्धत. मग एकदा मी चहाचा कप त्यांच्या उजवीकडे ठेवला आणि दुसऱ्या मिनिटाला तो फरशीवर. डायवर माझ्यावरच करवादले, कप असा कडेला का ठेवला म्हणून. काकूंनी फडकं आणलं, पुसून घेतलं. कप चांगला मध्यावर होता.

काचबिंदू होता त्यांना. समोरचं स्वच्छ दिसायचं, उजवीकडचं झाकत आलं होतं. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असताना तपासणीत डॉक्टरनं अनफिट लिहिलं आणि त्यांना गाडीवरून उतरवलं. उरलेली नोकरी डेपोत, गाड्या धुतात तिथे, पाइप धरणाऱ्या माणसांवर लक्ष ठेवण्यात गेली. त्या डॉक्टरचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, "चष्म्याचं पोरगं" एवढंच म्हणत. संध्याकाळ झाली की ओट्यावर बसून त्या पोराला शिव्या द्यायच्या, हा नेम. म्हणायचे, समोरच्या पाट्या मी सगळ्या वाचल्या, मग ते पोरगं बाजूला दिवे लावून दिसलं का, दिसलं का विचारायला लागलं. बाजूला बघून गाडी चालवतात का कुठे, असा त्यांचा सवाल होता. मग पुरावा म्हणून लांबच्या कापसाच्या जिनिंगच्या गेटवरची अक्षरं मोठ्यांदा वाचून दाखवायचे. अक्षरं बरोबर असायची. अर्थात ती गेली कित्येक वर्षं तीच होती.

ड्रायव्हर लोकांत एक रिवाज आहे. निवृत्तीच्या दिवशी ड्रायव्हरची शेवटची फेरी असते. गाडीला झेंडूच्या माळा बांधतात, मागच्या सीटवर बायको बसते, नव्या लुगड्यात, आणि माणूस आपल्या नेहमीच्या रस्त्यावर शेवटची गाडी नेतो. थांब्याथांब्यावर लोक हार घेऊन उभे असतात. डायवरांनी दुसऱ्यांच्या गाड्यांना किती माळा बांधल्या असतील याला गणती नाही. यांची वेळ आली तेव्हा हे गाडीवर नव्हते. ऑफिसात शाल आणि नारळ मिळाला, फोटो काढला आणि ते चालत घरी आले. काकूंनी त्या दिवसासाठी घेतलेलं लुगडं घडी न मोडता ठेवून दिलं. हे मला काकूंनी सांगितलं, डायवरांनी कधीच नाही.

काकूंचं माहेर डायवरांच्या त्याच रस्त्यावर, घाट संपला की आत वळून. तिथे त्यांचा थोरला भाऊ, म्हातारा, गुडघ्यानं अडलेला. पूर्वी डायवर रोज त्या गावात गाडी न्यायचे, मेव्हण्याच्या हातचा चहा पिऊन परत फिरायचे. काकू मात्र इथे चुलीशी. नंतर गावात जाणारी फेरीच बंद झाली. काळीपिवळी जीप जाते, पण दुसऱ्याच्या स्टिअरिंगवर डायवरांचा विश्वास नाही, ते बसायचे नाहीत आणि काकूंनाही बसू द्यायचे नाहीत. पुण्याच्या मुलानं घरातली मोटारसायकल विकून टाकली होती, वडिलांनी चालवू नये म्हणून. कुठे जायचं असलं की मला फोन करा, मी गाडी पाठवतो, असं तो म्हणायचा. फोन करून गाडी मागवणं डायवरांना जमण्यातलं नव्हतं. अशा रीतीनं काकूंची भाऊबीज दोन-तीन वर्षं फोनवरच झाली होती.

त्या उन्हाळ्यात एका बाजारच्या दिवशी हातगाड्यावर घालून एक सायकल घरी आली. सायकल म्हणायचं, कारण दोन चाकं होती. काळी, डबल दांड्याची, जुन्या जमान्यातली दणकट चीज, भंगारवाल्याकडून उचललेली. सीट नव्हती, चेन गंजून काठीसारखी ताठ झाली होती, मागचं रिम चेपलेलं. काकू दारात आल्या, बघितलं आणि आत जाऊन एक टोला दिला. डायवरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

लग्नाआधी ते सायकलवर दूध घालायचे, आपल्या वाडीवरून धारूरला. नोकरी लागली आणि सायकल सुटली ती सुटलीच. आता पुन्हा कशाला, असं मी विचारलं. त्यांनी खाली बसून चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "सायकलला लायसन लागत न्हाई मॅडम. मेडिकलबी लागत न्हाई." मग जरा थांबून बाकीचंही सांगितलं. "ल्हान का हुईना, माझी शेवटची फेरी मी करणार हाय. हिला मागं बसवून, हिच्या गावापत्तूर, घाट उतरून. मग बगू कोन अनफिट म्हनतंय."

मी काकूंकडे बघितलं. त्या लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबला होता.

त्यानंतर जे सुरू झालं त्यानं आम्हा सगळ्यांना दमवलं. डायवरांनी ती सायकल दुरुस्त केली म्हणणं बरोबर नाही, त्यांनी तिचं डेपोत होतं तसं काम काढलं. नट न नट सुटा केला. अंगणात जुन्या धोतरावर सगळं मांडून ठेवलेलं, त्यामुळे कपडे वाळत घालायला जायचं तर उड्या मारत जावं लागे. बेअरिंगचे छर्रे रॉकेलमध्ये, चेन तेलात, आणि सगळ्या घराला ग्रीसचा वास. एक वस्तू नीट झाली की दुसरी बिघडलेली निघायची. रिम सरळ केलं तर तारा तुटल्या. तारा आणल्या तर पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला चीर दिसली. आता कुणी असल्या सायकली वापरत नाही, त्यामुळे एकेका सामानासाठी गावंच्या गावं पालथी. सीट घाटनांदूरला एका जुन्या मास्तरांच्या माळ्यावर सापडली. ती आणायला ते आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यानं चालवलेल्या बसमध्ये पॅसिंजर म्हणून बसले आणि परत आल्यावर दोन दिवस त्या ड्रायव्हरच्या चुका सांगत होते.

रोज सकाळी तपासणी व्हायची. गाडी नसली तरी तपासणी. टायर नसलेल्या चाकाला पायानं ठोकून बघायचे. संध्याकाळी मी आले की मला धरायचे, मॅडम जरा हँडल पकडा. मी पर्स खांद्याला तशीच अडकवून हँडल धरून उभी राहायची. चिडायची, पण उभी राहायची. का, ते मलाही सांगता आलं नसतं. घरी माझी वाट बघणारं दुसरं काही नव्हतं, हे खरं कारण असावं.

गावात सायकलीचं एकच दुकान उरलं होतं, तेही नावापुरतं. चालवणारे चाचा आता मोटारसायकलींचे पंक्चर काढायचे. डायवर आले की ते कपाळाला हात लावत. दोघांचं भांडण रोजचं, पण चाचा वर्षानुवर्षं पडून राहिलेले खोके उचकून काही ना काही काढून द्यायचे. खरं बिनसलं ते फ्रीव्हीलवरून. पायडल थांबवलं तरी मागचं चाक फिरत राहतं, ते या फ्रीव्हीलमुळे. डायवरांनी अंगणातल्या अंगणात सायकल ढकलून पाहिली, पायडल न मारता ती पळतेय हे त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ही तर सदा न्यूट्रल, म्हणाले. हिच्यावर बसून घाट उतरायचा?

दुसऱ्या दिवशी मी चाचांच्या दुकानासमोरून जात होते तर दोघांचा आवाज रस्त्यावर येत होता. डायवरांचं म्हणणं, फ्रीव्हील वेल्डिंग करून जाम करा, म्हणजे चाक आणि पायडल एकमेकांना बांधलेलं राहील, उतारावर गाडी पायाच्या ताब्यात राहील. चाचांनी पाना खाली ठेवला. "डायवरसाब, आजपत्तूर लोकं फ्रीव्हील फिरंना म्हून यायचे. फिरायलंय ते बंद करा म्हननारे तुमीच पैले." त्यांनी परोपरीनं सांगितलं की उताराला पायडल गरगर फिरेल, पाय सुटतील, पडाल. डायवर म्हणाले, पन्नास-पन्नास माणसांच्या गाड्या आम्ही पायानं सांभाळल्या. चाचांनी साफ नाही म्हटलं. मग डायवर लोखंडी गेट-खिडक्या बनवणाऱ्या वेल्डरकडे गेले. त्याला सायकलीतलं कळत नव्हतं, त्यानं करून दिलं.

सायकल गियरमध्ये आली. पहिल्या दिवशी डायवर स्वार झाले, गल्लीच्या टोकापर्यंत छान गेले, आणि सवयीनं पाय थांबवायला गेले. पाय थांबले, पायडल थांबलं नाही. तलाठ्यांच्या ओट्याखालच्या गटारीत डायवर आणि वर सायकल. तलाठी बिचारे किती वर्षांनी ओट्यावरून उठले असतील, धावत खाली आले. नडगीला चांगली खोक पडली होती. काकूंनी हळद भरली आणि म्हणाल्या, बास झालं आता. डायवर म्हणाले, गाडीची चूक नाही, नवीन गाडी हाताला बसायला वेळ लागतो.

ती बसली. पावसाळाभर रोज पहाटे ते गल्लीत फेऱ्या मारायचे, ताठ पाठीनं, डाव्या कडेनं. थांबायचं असलं की बरंच आधीपासून पायानं वेग दाबत आणायचे. मागं काकूंच्या वजनाचं म्हणून ज्वारीचं पोतं बांधून सराव केला. कुठल्याही थांब्यावर माणूस असो नसो, थांबायचे. लोक हसायचे. पोतं घेऊन म्हातारा थांब्यावर उभा राहतो आणि पुढे जातो, हसणारच. मी मात्र हसणं सोडलं होतं. मला काळजी वाटायला लागली होती आणि त्याहून जास्त, हे व्हावं असंही वाटायला लागलं होतं. एवढं खपल्यावर त्या माणसाला त्याची फेरी मिळावी, असं माझ्या मनानं घेतलं.

परत कसं यायचं, असं मी विचारलं होतं, घाट चढून दोघांना? ते म्हणाले, शेवटच्या फेरीला परतीचा विचार करत नाहीत.

दिवाळी झाली. भाऊबीज तुळशीच्या लग्नापर्यंत चालते म्हणून भावाचा निरोप आला की झाडाची सीताफळं पिकलीत, बहिणीनं यावं. डायवरांनी रविवार ठरवला. काकू आदल्या दिवशी माझ्या खोलीत आल्या, दाराशीच उभ्या राहिल्या. "बाई, तुमी मागून याल का स्कूटीवर? मला काय व्हायचं न्हाई. पर यावं तुमी." मी येते म्हटलं.

सकाळी डायवर खाकी कपड्यात बाहेर आले. कडक इस्त्री. हँडलला झेंडूची माळ. काकूंनी ते लुगडं नेसलं होतं, घडीचे मोड अजून तसेच दिसत होते. त्या कॅरिअरवर बसल्या, मांडीवर फराळाचा डबा घेतला आणि नवऱ्याच्या पाठीवर बोटानं दोनदा ठोकलं. सायकल निघाली. तलाठी ओट्यावर उभे राहिले. चाचांनी दुकानातून पाहिलं आणि एक हात वर केला. मी मागून स्कूटी इतकी हळू चालवत होते की ती बंद पडते की काय असं वाटत होतं.

गावाबाहेर रस्ता मोठा आहे आणि वाहनं जोरात जातात. डायवर सुरेख चालवत होते, हे मला सांगितलंच पाहिजे. डावी कड सोडली नाही, हँडल हललं नाही. प्रत्येक थांब्यावर थांबले. एका ठिकाणी शेतातली बाई उभी होती, तिनं हसून हात जोडले, त्यांनीही मान लववली. काकू पदर सावरत इकडे तिकडे बघत होत्या. हा रस्ता त्यांचा नवरा रोज बघायचा आणि त्यांनी मोजक्या वेळा बघितला होता. त्यांचा चेहरा मला मागून दिसत नव्हता, पण बसण्यातनं कळत होतं की बाई खुशीत आहे.

घाट सुरू होतो तिथे उजवीकडून एक शेताचा रस्ता येऊन मिळतो. कडेला बायका सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या. त्या रस्त्यावरून एक पिकअप आली, वेगात, आणि मुख्य रस्त्यावर घुसत घुसत आमच्याच बाजूला वळायला लागली. मला लांबून दिसली. तिनं हॉर्न दिला. डायवर सरळ चालले होते. मान वळली नाही, वेग तुटला नाही, जणू उजवीकडे काही नव्हतंच. मी ओरडले, पण माझा आवाज त्यांच्यापर्यंत गेला नसावा. पिकअपवाल्यानं ब्रेक दाबले, गाडी फरफटत आली आणि हँडलपासून हातभर अंतरावर थांबली. त्यानं खिडकीतून तोंड काढलं. "दिसतंय का न्हाई बे म्हाताऱ्या? मागं बाई बसवून मरायला निगालास का?" आणि गाडी वळवून निघून गेला.

डायवरांनी पुढे जाऊन पायानं वेग दाबत सायकल कडेला घेतली, एक पाय टेकवला. मी स्कूटी लावून धावत गेले. त्यांनी मला शांतपणे विचारलं, "मॅडम, कुठून आली?"

मी म्हटलं, उजवीकडून.

"हारन दिलता?"

दिला होता, म्हटलं. ते म्हणाले, आपल्याला वाटलं मागून कुणीतरी जातंय. मग त्यांनी मान न वळवता काकूंना विचारलं, "तुला दिसली व्हती?"

"दिसली," काकू म्हणाल्या.

"मग बोलली कावून न्हाईस?"

काकूंनी डबा पोटाशी घट्ट धरला. "घरातलं तुमाला न्हाई दिसत, ते मला ठाव हाय. लई दिसापून ठाव हाय. पर रस्त्यावरचं दिसत असंल म्हनलं. डायवर हायेत तुमी."

मी दुसरीकडे बघितलं. त्या वाक्यानंतर त्या माणसाच्या तोंडाकडे बघण्याचा मला काही अधिकार नव्हता. मला रडू येत होतं आणि सीताफळवाल्या बायका आमच्याकडे बघत होत्या.

डायवर म्हणाले, "उतर खाली." काकू उतरल्या. डायवरांनी सायकल स्टँडवर लावली, एकदा ब्रेक दाबून पाहिले, टायरला पाय लावून पाहिला. सगळी तपासणी नेहमीसारखी. मग घाटाकडे बघत म्हणाले, "गाडी फिट हाय. डायवर अनफिट हाय."

इतकी वर्षं ज्या शब्दासाठी ते एका पोराला शिव्या देत आले, तो त्यांनी स्वतःच्या तोंडानं उच्चारला. आवाजात राग नव्हता. दिवसभराची ड्यूटी संपवून आलेला माणूस बोलतो तेवढाच थकवा होता.

मग माझ्याकडे वळून म्हणाले की पॅसिंजर तुमच्या गाडीत घ्या. गाडी बंद पडली की पॅसिंजर दुसऱ्या गाडीत बसवायचे आणि ड्रायव्हरनं आपल्या गाडीपाशी थांबायचं, ही त्यांची रीत. मी स्कूटीची सीट पुसली. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"मी काय पॅसिंजर हाय का?" म्हणाल्या.

काकूंनी डबा माझ्या हातात दिला आणि विचारलं, पायी किती लांब आहे. तासाभराची वाट, सगळा उतारच, असं डायवर म्हणाले. "मग चला की," काकू म्हणाल्या. मला सांगितलं की तुम्ही पुढं जा, भाऊ वाट बघत बसला असेल, त्याला सांगा आम्ही चालत येतोय.

डायवरांनी स्टँड काढला आणि सायकल ढकलत चालायला लागले. काकू त्यांच्या डाव्या बाजूला, रस्त्याच्या आतल्या कडेनं, नेहमीसारख्या. थोडं गेल्यावर त्या थांबल्या, सायकलीच्या मागून वळसा घालून उजवीकडे गेल्या, वाहनांच्या बाजूला, आणि हँडलचं ते टोक धरलं. मी त्यांना ओलांडून हळूहळू खाली निघाले.

पहिल्या वळणावर, ते दोघं अजून हाकेच्या अंतरावर असतानाच, मी स्कूटी थांबवली आणि मागे पाहिलं. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन खालून वर चढत होता, अर्धा रस्ता अडवून. काकूंनी तो आधी बघितला.

"येतोय एक," त्या म्हणाल्या. "उजवीकडून. थांबा."

डायवर थांबले.